टक्, घूं आणि अडकलेली डिस्क

बत्तिसाव्या मिनिटाला आकडा थांबला. कॅसेट फिरत होती, डेकच्या दोन्ही सुया उडत होत्या, अॅम्प्लिफायरवर गाणं छान चाललं होतं. फक्त पडद्यावर रेकॉर्डिंगचा सेकंद जागच्या जागी थिजला होता. कॅबिनेटमधून एक बारीक 'कट्' आला, मग दहाएक सेकंद काहीच नाही, आणि काही झालंच नसावं असा आकडा पुन्हा पळायला लागला. शेजारी आरामखुर्चीत बसलेल्या नानांनी डोळे न उघडता विचारलं, "काय रे, गेलं?"

गेलं होतं. फाइल लावून ऐकली तर विलंबित ख्यालाच्या आवर्तनाचा मधलाच लचका तुटला होता. मुखडा सुरू व्हायच्या आधीच सम येऊन आदळत होती.

नानांच्या सेहेचाळीस कॅसेटी आहेत. मिरजेत मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. तिथे नाना वर्षानुवर्षं सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन रात्रभर बसायचे. काही कॅसेटी त्या रात्रींच्या, काही सांगली आकाशवाणीवरून उतरवून घेतलेल्या, काही घरगुती बैठकींच्या. प्रत्येकीवर बॉलपेनने तारीख आणि राग. टेप चिकटायला लागण्याआधी सगळ्या कॉम्प्युटरवर घेऊन ठेवायच्या, असं मी गेली पाच वर्षं म्हणत होतो. यंदा रिटर्नांची घाई संपली आणि सुरुवात केली.

कॉम्प्युटर म्हणजे नऊ वर्षांपूर्वी सुटे भाग आणून जोडलेला डेस्कटॉप. २४० जीबीच्या एसएसडीवर डेबियन १२, म्हणजे लिनक्सचा एक अवतार, आणि मोठ्या फाइलींसाठी दोन टीबीची फिरती हार्डडिस्क. दिवसा त्यावर लोकांचे हिशेब, संध्याकाळी नानांचं गाणं. कॅसेटीसाठी ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ पुरे, हे आधीच ठरवलं होतं. सेकंदाला १९२ हजार बाइट, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांच्या एका बाजूला साधारण ५१८ एमबी. आजकालच्या डिस्कला हे काम म्हणजे हत्तीच्या पाठीवर चिमणी.

गाणं लक्ष देऊन ऐकायला लागलो तेव्हा आणखी दोन गोष्टी कानाला लागल्या. एक, कोणताही आवाज सुरू होताना स्पीकरमधून 'टक्' व्हायचं आणि पहिलं अक्षर खाल्लं जायचं. 'आ' ऐवजी नुसता त्याचा शेपूट. खरं तर ही टक् जुनीच होती. पण आपण बँकेच्या साइटवरचे टुंग-टांग आवाज ऐकतो तोवर अर्धा सेकंद गेला काय आणि राहिला काय. दुसरं, रेकॉर्डिंगमध्ये गाण्याच्या मागे सतत एक 'घूंऽऽ'. नाना म्हणाले, "कुणी तरी बेसूर तंबोरा लावून ठेवलाय."

तीन दुखणी एकाच डब्यात, तीही एकाच आठवड्यात ध्यानात आलेली. मी लगेच ठरवून टाकलं की मूळ एकच असणार. या ठरवण्याने माझे तीन आठवडे खाल्ले. मूळ एक नव्हतं, तीनही नव्हती, दोन होती. आणि जोडी मी धरली होती तिच्यापेक्षा वेगळीच निघाली.

ज्याच्याकडून सुटे भाग घेतले होते त्या दुकानात फोन केला. माझं वर्णन पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "सर, डिस्क गेली. नवीन टाका." मी म्हटलं, आवाजाचं काय? तो म्हणाला, "मग एसएमपीएस. करंट कमी-जास्त होत असणार." एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. हे मला पटलं, कारण ते मला हवं तसंच होतं: एकच भाग बदलायचा आणि तिन्ही दुखणी गायब. बावीसशे रुपये देऊन एसएमपीएस आणला, रविवारची सकाळ घालवून बसवला. त्याच संध्याकाळी सतराव्या मिनिटाला 'कट्'.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. टर्मिनल उघडून डी-मेसेज बघितला, म्हणजे कर्नलची, लिनक्सच्या गाभ्याची, रोजनिशी. सतराव्या मिनिटाच्या वेळेला तिथे लाल अक्षरांत सगळं लिहून ठेवलेलं होतं. एटीए-टू, म्हणजे मोठ्या डिस्कच्या जोडणीवर, एक्सेप्शन, पुढे 'फ्रोझन', मग 'हार्ड रिसेटिंग लिंक', आणि काही सेकंदांनी 'साटा लिंक अप, ६.० जीबीपीएस'. साटा लिंक म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधली जोडणी. म्हणजे कर्नलने डिस्कला हाक मारली, उत्तर आलं नाही, त्याने दार आपटून पुन्हा उघडलं, आणि डिस्क आत बसलेलीच होती. त्या ओळींमध्ये एक महिरपी कंस होता आणि त्यात दोन शब्द: 'फाय-रेडी-चेंज' आणि 'कॉम-वेक'. मी ते वाचले आणि पुढे गेलो. माझ्या नजरेत फक्त 'फ्रोझन' भरला होता.

डिस्क मरतेय का, हे विचारायची रीत ठरलेली आहे. आधी जे आहे ते बाहेर काढा, मग तपासा. १८० जीबी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर कॉपी केले. पाऊण तास लागला, एकही चूक नाही, एकही रिसेट नाही. तेव्हा नुसतं हायसं वाटलं. हे विचित्र आहे, हे डोक्यात यायला आणखी चार दिवस गेले.

मग स्मार्टसीटीएल. डिस्क स्वतःच्या तब्येतीची वही ठेवते, ती वाचून दाखवणारं हे अवजार. त्यात वीसेक ओळी येतात आणि बहुतेक बघून घाबरायला होतं, पण बघायच्या चारच. क्रमांक ५, बदलून टाकलेले सेक्टर: शून्य. १९७, संशयित सेक्टर: शून्य. १९८, वाचताच न आलेले: शून्य. आणि १९९, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेला डेटा: ४१. पहिले तीन शून्य असताना दुकानदाराचं 'डिस्क गेली' खोटं ठरत होतं. एक्केचाळीस मात्र बोलका होता. तो केबलकडे बोट दाखवतो. लांब चाचणीही लावली, डिस्क स्वतःची पूर्ण थाळी वाचून काढते ती. साडेचार तासांनी निकाल: निर्दोष.

केबल बदलली. जुनी केबल कॅबिनेटच्या दाराने दाबून जवळजवळ काटकोनात वळली होती, कनेक्टरची खिट्टीही तुटलेली. हीच ती, अशी माझी खात्री. १९९चा आकडा कधी मागे येत नाही, तो फक्त वाढतो का एवढंच बघायचं असतं. म्हणून एक्केचाळीस कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला. तीन दिवस रोज बघत होतो. एक्केचाळीसच.

आणि तरी तिसऱ्या दिवशी डिस्क पडली. या वेळी नुसती अडखळली नाही. लिंक लागोपाठ तीनदा आपटूनही उघडली नाही, एक्स्ट-फोर या फाइलसिस्टिमने जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) बंद केलं आणि डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवली. रेकॉर्डिंगची खिडकी चूक दाखवून गप्प. मी मशीन बंद केलं, चालू केलं, डिस्क दिसायला लागली, ती माउंट न करता, म्हणजे वापरात न घेता, ई-टू-एफएससीके हे दुरुस्तीचं अवजार चालवलं. त्याने जर्नल निस्तरलं, काही अनाथ नोंदी साफ केल्या. कॅसेटीची फाइल मात्र विचित्र झाली होती, कोणताही प्लेअर तिची लांबी भलतीच दाखवायचा. वेव्ह फाइलच्या डोक्यावर लांबी लिहिलेली असते आणि ती रेकॉर्डिंग नीट थांबवल्यावरच पक्की होते. मधेच दोर कापला की डोकं चुकीचं राहतं, पण धड शाबूत असतं. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये कच्चा डेटा म्हणून ती आणली, १६ बिट, दोन चॅनल, ४८ हजार असं हाताने सांगितलं, आणि एकोणतीस मिनिटं परत मिळाली. नाना म्हणाले, "बघ, सांगत होतो, काही जात नाही." त्यांनी असं काही सांगितलेलं नव्हतं.

याच भानगडीत एकदा डिस्क काढून ठेवून मशीन चालू केलं, तर ते सुरूच होईना. दीड मिनिट 'स्टार्ट जॉब' म्हणत बसलं आणि मग इमर्जन्सी मोडची काळी खिडकी. मला वाटलं आता एसएसडीसुद्धा गेली. कारण एवढंच की एफएस-टॅब या, सुरुवातीला कोणत्या डिस्क जोडायच्या त्याच्या यादीत त्या डिस्कच्या ओळीवर 'नो-फेल' हा शब्द नव्हता. तो नसेल तर मशीन सुरू करून देणारा सिस्टिम-डी ठरलेले नव्वद सेकंद डिस्कची वाट बघतो आणि न आल्यास पुढे जायला नकार देतो. दुसरी डिस्क असलेल्या प्रत्येकाने हा शब्द आजच लिहावा.

दरम्यान 'घूं'चा निकाल लागला, आणि तो लिनक्समध्ये नव्हता, कॉम्प्युटरमध्येही नव्हता. मी केबल बदलताना एका हाताने कॅबिनेट धरलं होतं आणि मनगटाला झिणझिण्या आल्या. अनवाणी होतो. टेस्टर आणून कॅबिनेटच्या स्क्रूला टेकवला तर आतला निऑन मंद पेटला. पत्र्यात करंट उतरतोय! डेक चालू करून हेडफोन लावला आणि कॅबिनेटला हात लावला, तर घूं बदलली. हात काढला की पुन्हा पहिली.

ओळखीच्या वायरमनने स्विचबोर्ड खोलला आणि दोन सेकंदांत म्हणाला, "सायेब, वरच्या भोकात वायरच न्हाई की. नुसता शोभेला हाय." घर वडिलार्जित, वायरिंग दोन तारांचं. कधी तरी कुणी तरी तीन पिनांचे सॉकेट बसवले, पण अर्थिंगची तार ओढलीच नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा किंचित करंट निमूट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा मधल्या मध्ये लटकतो, २३०च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्ट. करंट इतका थोडा की नुसत्या मुंग्या येतात, पण कॅसेट डेकच्या ऑडिओ वायरच्या जाळीतून तो वाट काढायला लागला की गाण्यात मेन्सची घूं मिसळते. नवा एसएमपीएस आणला त्याने काय होणार होतं? त्यातही तेच कपॅसिटर.

परसात खड्डा काढला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, आणि तिथून कॉम्प्युटरच्या बोर्डापर्यंत हिरवी तार. दिवसाचं काम. त्या रात्री हेडफोन लावला तेव्हा घूं गेली होती, टेपची स्वतःची खरखर तेवढी उरली होती. ती राहू दे, ती त्या रात्रीचीच आहे. मी डेकची वायर गुलाबी मायक्रोफोनच्या भोकात घातली होती, निळ्या लाइन-इनमध्ये नव्हे, हेही तेव्हाच कळलं. अल्सामिक्सर या आवाज कमी-जास्त करायच्या अवजारात मायक्रोफोनचा बूस्ट वीस डेसिबलवर. त्यात घूंही वीस डेसिबलने वाढवून मी ऐकत होतो. या चुकीबद्दल जास्त बोलायची इच्छा नाही.

आता उरली टक् आणि डिस्क. या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे एव्हाना माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. एक दुखणं वेगळं निघाल्यावर मी तिन्ही वेगळी धरून चाललो होतो. टक् सोपी वाटली म्हणून तिला आधी धरलं.

लिनक्सवर आवाज एका माळ्यावर राहत नाही. तळाला कर्नलमधला अल्सा, तो बोर्डवरच्या आवाजाच्या चिपशी बोलतो. वर पाइपवायर, तो वेगवेगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र करतो. आणि पाइपवायरला कोणतं यंत्र केव्हा उघडायचं, केव्हा मिटायचं हे सांगणारा वायरप्लंबर. टक् कोणत्या माळ्यावरची? मी घड्याळ लावून बसलो. एक छोटी फाइल वाजवायची, थांबायचं, पुन्हा वाजवायची. तीन सेकंद थांबलं तर टक् नाही. पाच सेकंदांनाही नाही. दहा सेकंद थांबलं की हमखास टक्. मग कमी करत करत आलो: सहाच्या पुढे टक्, पाचच्या आत शांतता.

वायरप्लंबर ठरलेले पाच सेकंद शांतता दिसली की यंत्र मिटतो, हे वाचलं होतं. म्हणून ते मिटणं बंद करायची सेटिंग केली. काही फरक नाही. संध्याकाळ वाया घालवल्यावर कळलं की मी लिहिलेली सेटिंग वायरप्लंबर ०.५ च्या पद्धतीची होती आणि डेबियन १२ मध्ये ०.४ आहे. ०.४ला लुआ भाषेतली फाइल लागते. माझ्या फाइलकडे त्याने ढुंकूनही बघितलं नव्हतं आणि तक्रारही केली नव्हती. लुआमध्ये लिहिल्यावर टक् गेली. पण हे म्हणजे डासाला घाबरून घरातले दिवे रात्रभर चालू ठेवण्यासारखं होतं. पाच सेकंदांचं कोडं सुटलं होतं, सहाव्या सेकंदाचं नाही. यंत्र मिटल्यानंतर एका सेकंदाने चिपला झोपवणारं कुणी तरी दुसरंच होतं. चिप झोपते तेव्हा आणि उठते तेव्हा तिच्या आउटपुटचा व्होल्टेज दचकतो, तीच टक्. आणि तिला उठायला वेळ लागतो, तेवढ्यात पहिलं अक्षर जातं.

हे झोपवणं कर्नलच्या ऑडिओ ड्रायव्हरमधलं. त्याचा एक आकडा असतो, पॉवर-सेव्ह, किती सेकंद काम नसेल तर झोपायचं तो. बघितला: १. शून्य म्हणजे कधीच नाही. हाताने शून्य लिहिलं, लुआची फाइल काढून टाकली, तरी टक् गायब. दिवसभर गायब. मग कायमचं करावं म्हणून मॉडप्रोबच्या, म्हणजे ड्रायव्हरांच्या सेटिंगच्या, फोल्डरमध्ये एक ओळ लिहिली आणि मशीन रीस्टार्ट केलं.

टक्.

आकडा पुन्हा १. मला वाटलं ओळीत चूक. अक्षर न् अक्षर तपासलं. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा १. म्हणजे ड्रायव्हर येताना शून्य घेऊन येत होता आणि नंतर कुणी तरी येऊन त्याचं एक करत होतं. सगळ्या सेटिंग जिथे असतात त्या पूर्ण ईटीसी फोल्डरमध्ये 'पॉवर-सेव्ह' हा शब्द शोधला, तर फक्त माझीच फाइल सापडली. शेवटी मशीन चालू होताना आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या सर्व्हिसेसची यादी काढली आणि एकेक ओळ बोट लावून वाचत गेलो. खालून तिसऱ्या-चौथ्या ओळीवर बोट थांबलं: पॉवरटॉप.

फाइल उघडली. पाच-सहा ओळींची. वर्णनाच्या जागी लिहिलेलं: 'लाइट बिल कमी'. तारीख ऑगस्ट २०२३. लिहिणारा मीच.

हळूहळू आठवलं. त्या महिन्यात बिल जास्त आलं होतं, कुठे तरी पॉवरटॉपबद्दल वाचलं, हे अवजार एका दमात सगळ्या वीजबचतीच्या कळा दाबून देतं म्हणून 'ऑटो-ट्यून' दर वेळी सुरुवातीलाच चालेल अशी सर्व्हिस लिहिली आणि विसरलो. तो लॅपटॉपच्या बॅटरीसाठी केलेला उद्योग. डेस्कटॉपवर त्याने बिलात काय फरक पडला ते मला तेव्हाही दिसलं नव्हतं.

पॉवरटॉप उघडून त्याची यादी बघितली. 'ऑडिओ कोडेकची वीजबचत', पुढे शेरा 'गुड'. ठीक, टक् सापडली. मी खिडकी बंदच करणार होतो. त्याच्या खाली, एकाखाली एक: 'साटा लिंकची वीजबचत, होस्ट शून्य', 'होस्ट एक', 'होस्ट दोन'. होस्ट म्हणजे बोर्डवरचं डिस्क जोडायचं एकेक तोंड. सगळीकडे 'गुड'.

कॉम-वेक. तो महिरपी कंसातला शब्द. साटाची लिंक झोपलेली असताना तिला उठवायला जो इशारा देतात त्याचं नाव कॉम-वेक. आणि फाय-रेडी-चेंज म्हणजे तारेच्या दोन टोकांमधला संपर्क तुटला किंवा जुळला. कर्नल पहिल्या दिवसापासून सांगत होता की गडबड डिस्क उठवताना होतेय. मी डिस्क बदलायला, एसएमपीएस बदलायला, केबल बदलायला निघालो होतो. (केबलने बिघडवलेला डेटा एक्केचाळीस वेळाच काय तो. तो हिशेब खरा होता, पण वेगळा.)

आता ती कॉपीची गोष्टही जुळली. १८० जीबी सलग वाहत असताना लिंकला डुलकी घ्यायला सवडच नव्हती, म्हणून एकही रिसेट नाही. रेकॉर्डिंग उलट. सेकंदाला जेमतेम १९२ हजार बाइट. लिनक्स ते लगेच डिस्कवर लिहीत नाही, मेमरीत साठवतो आणि दर काही सेकंदांनी एकदम ओततो. म्हणजे लिही, झोप, ऊठ, लिही, झोप, ऊठ, पंचेचाळीस मिनिटं सतत. शेकडो वेळा नीट उठली आणि एकदा नाही उठली की आवर्तनाचा लचका गेला. हत्तीच्या पाठीवरची चिमणी दर पाच सेकंदांनी हत्तीला जागं करत होती. मग गेल्या दोन वर्षांत हे का दिसलं नाही? कर्नलची जुनी रोजनिशी जेवढी मागे जात होती तेवढी मागे नेली. दिसत नव्हतं एवढंच, होत होतं. आठवड्याला एखादा रिसेट तिथे गुमान नोंदलेला. जुन्या फाइली उघडताना मशीन दहा सेकंद अडलं तर मी चहाचा घोट घेत असणार.

घाईघाईने सर्व्हिस उडवून टाकायचा मोह झाला. पण या प्रकरणात 'हीच ती' असं मी तीनदा म्हणून झालो होतो. म्हणून एकच गोष्ट बदलली. त्या डिस्कच्या होस्टचं धोरण लिहिलेली सिस फोल्डरमधली फाइल बघितली: तिथे 'मेड-पॉवर-विथ-डिपम' होतं, म्हणजे काम नसेल तर लिंक झोपू द्यायची. त्या एकाच होस्टवर 'मॅक्स-परफॉर्मन्स', म्हणजे झोपायचंच नाही, असं लिहिलं, बाकी सगळं तसंच. कोरी कॅसेट लावून ए-रेकॉर्ड या टर्मिनलवरच्या अवजाराने पंचेचाळीस मिनिटं शांतता रेकॉर्ड केली. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. एकही रिसेट नाही. मग मुद्दाम जुनं धोरण परत लिहिलं आणि वाट बघत बसलो. अकराव्या मिनिटाला 'कट्', डी-मेसेजमध्ये तेच दोन शब्द, आणि ए-रेकॉर्डची तक्रार: 'ओव्हररन', म्हणजे आलेला आवाज वेळेत उचलला गेला नाही. आपल्याच डिस्कचा बिघाड बघून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, "झालं का नीट?" मी म्हटलं, "नाही, बिघडलं! बिघडलं!"

सर्व्हिस बंद केली, फाइल पुसली, पॉवरटॉपही काढून टाकला. रीस्टार्टनंतर होस्टवर 'मॅक्स-परफॉर्मन्स', ऑडिओचा आकडा शून्य. एसएसडीला त्या धोरणाचा काही त्रास नव्हता. हे धोरण वाईट असंही नाही, माझी डिस्क आणि माझा बोर्ड यांचं त्यावर जमत नाही एवढंच. मॉनिटरवरचा 'एक्केचाळीस'चा कागद अजून तिथेच आहे, काढायचा राहिलाय. दुकानदाराला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे डिस्क चांगली आहे? मग सर, एसएमपीएस ठेवा, कामाला येईल."

सेहेचाळीसपैकी एकोणीस कॅसेटी झाल्या आहेत. परवा विसावी लावली, पहाटेची. घूं नाही, टक् नाही, आकडा पंचेचाळीस मिनिटं एकसारखा पळाला. मी नानांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"ही पांढरी दोन झाली रे. तो काळी एकमध्ये गात होता."

अर्धा सूर वर, म्हणजे वेग साधारण सहा टक्के जास्त. मला पुन्हा डी-मेसेज उघडावासा वाटला. आधी विकतची एक जुनी कॅसेट डेकवर लावून बघितली, ती नानांच्या पेटीशी बरोबर जुळली. म्हणजे डेक नाही. मग रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी सूर लावून बघितला. सुरुवातीला काळी एकच्या जवळपास होता, शेवटी पांढऱ्या दोनच्याही वर गेला होता. टेप हळूहळू चढत गेली होती.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सेल उतरले असणार. पहाटे चारला आणायचे कुठून?"

सेल उतरले की मोटर मंदावते, मंद वेगाने भरलेलं गाणं आता नीट वेगाने वाजवलं की वर चढतं. ते सरळ करायला अजून कोणताही प्रोग्राम मी वापरलेला नाही. नाना पेटी पुढ्यात घेऊन बसतात, दर दोन मिनिटांनी मी थांबवतो, ते सूर लावून सांगतात "एवढा वर", आणि मी वहीत मिनिट आणि टक्के लिहून घेतो. अर्धी कॅसेट झाली आहे.